जावळातली राणी

एका राज्यात लेकरं बोलत नव्हती. हसत, रडत, डोळा चुकवून मातीही खात. पण शब्द म्हणून एक फुटत नव्हता. पोरांच्या कलकलाटानं कर्कटक मांत्रिकाची दुपारची झोप मोडली होती, एवढंच निमित्त. त्यानं मंत्र टाकला. लेकरांचे सारे शब्द मधमाश्या झाले आणि राजाच्या छत्राला मोहोळ होऊन लटकले.

राजानं मोहोळकऱ्यांना निरोप धाडला. लोकांच्या घरातली मोहोळं न मारता उतरवायची, आपल्या राईत नेऊन वसवायची, हे त्या घराण्याचं सात पिढ्यांचं काम. पण सासऱ्यांचे गुडघे धरलेले, नवरा डोंगरापलीकडे गेलेला. उरली सून केवडा. दाराची कडी तीनदा बघणारी, निघालेल्या वाटेवरून चौथ्यांदा बघायला परतणारी. तिची बकुळा दोन वर्षांची झाली, अजून 'आई' म्हणाली नव्हती.

"सूनबाई, हात थरथरला तर मागं घ्यावा," सासूबाई म्हणाल्या. "थरथरत्या हातानं पोळं धरू नये."

"माझा हात थरथरत नाही असं कधी होतं, आत्याबाई?"

"लेकीला न्हाऊ घालताना."

बकुळेला पाठीशी बांधून केवडा दरबारात गेली.

"मंत्राच्या अटी तीन," राजा म्हणाला. "माशी मरू नये, मेली तर कुणाचा शब्द कायमचा गेला. धूर करू नये. शब्द घोगरे होतील. आणि शेवटी छत्रावर एकही माशी उरू नये. सूर्य मावळायच्या आत मोहोळ तुझ्या टोपलीत वसलं, तर शाप सुटेल. नाहीतर कधीच नाही."

खिडकीत वेडा राघू चोच पाजळत बसला होता. माश्या हा त्याचा नित्याचा फराळ.

"राघोबा, आज उपास धरावा," केवडानं हात जोडले.

"कोणत्या देवाचा?"

"माझ्या लेकीच्या पहिल्या शब्दाचा."

राघूनं मान वळवली. "धरला. पण पारण्याला दोन नाकतोडे लागतील."

दुसरी अट धुराची. केवडानं दुर्वांची जुडी पाण्यात बुडवून शिंपडली. माश्यांना वाटलं, पाऊस आला. पंख मिटून बसल्या. तिनं बांबूच्या सुरीनं पोळं कापलं, केळीच्या सोपटानं टोपलीत बांधलं, ओंजळी-ओंजळीनं माश्या आत सोडल्या. झाकणाची गाठ एकदा बघितली, दोनदा बघितली, चारदा बघितली.

तरी गाठीशेजारच्या फटीतून माश्या निघाल्या आणि सरळ छत्राकडे गेल्या.

"गाठ चारदा बघितलीस," राघू म्हणाला. "राणी बघितलीस?"

केवडानं फटीतून आत पाहिलं. राणी नव्हती. राणीविना मोहोळ नेणं! घरातलं शेंबडं पोरही अशी चूक करत नाही. सूर्य खिडकीच्या चौकटीला टेकला.

तेवढ्यात पाठीवर बकुळा खुदकन हसली. तिच्या कुरळ्या जावळात राणीमाशी बसली होती, लांबट, सोनेरी. आणि राणीच्या वासानं सारं मोहोळ छत्र सोडून लेकराकडे यायला लागलं.

हात उगारावा, माशी झटकावी, लेक घेऊन पळावं! केवडानं हात मागं घेतला. बकुळेला हळूच उतरवलं, टोपलीचं झाकण काढून तिच्याजवळ बसवलं. डोळ्यांत शिकेकाई जाऊ नये म्हणून रोज धरी, तसाच तळवा लेकीच्या कपाळावर आडवा धरला. तळवा थरथरला नाही.

माश्या आल्या. बकुळेच्या खांद्यांवर, केवडाच्या कोपरापर्यंत बसल्या. एकीनंही नांगी मारली नाही. राणी जावळातून तळव्यावर उतरली, तळव्यावरून टोपलीत गेली. मागोमाग सारं मोहोळ.

बकुळेनं टोपलीच्या काठावरचा मध बोटानं चाटला आणि म्हणाली, "अजून!"

"आई नाही म्हणाली," केवडा डोळे पुसत पुटपुटली.

"आई, अजून!"

त्याच क्षणी राज्यातली सगळी लेकरं एकदम बोलू लागली. कधीपासूनचं साचलेलं! राजानं कानांत बोटं घातली आणि हसत राहिला. कर्कटक उशी काखेला मारून सीमेपार निघून गेला.

मोहोळ राईत वसलं. राघूला चार नाकतोडे मिळाले. केवडा आता कडी तीनदाच बघते; चौथ्यांदा बकुळा सांगते, "आई, लावली!" तिची कडी लागली, तशी आमच्या कथेचीही कडी इथं लागली.