कोळशाच्या घरचा पाहुणा

दिवे अजून विजेच्या तारेला बांधलेले असत, तेव्हाची गोष्ट. केळसकरबाईंच्या प्रयोगशाळेत एका फळीवर ग्राफाइट आणि करवंटीचा कोळसा शेजारी राहत. ग्राफाइट थरावर थर चापूनचोपून बसलेला. कोळसा भट्टीत पोळून आतून भोकाभोकांचा झालेला.

"पोळलेल्या, तुझी जागा बंबात!" ग्राफाइट हिणवायचा. कोळसा मान खाली घालायचा.

एके दिवशी मिठातला सोडियम वीज घेऊन दारात आला. "थोडा आसरा द्या हो!"

ग्राफाइटने दोन थरांमधली फट दाखवली. सोडियम अंगाने दांडगा, त्यात शिरेचना. "माझी घडी मोडेल, चालता हो!" ग्राफाइट खेकसला.

कोळसा चाचरत म्हणाला, "दादा, माझ्या घराला नुसती भोकं आहेत. चालेल?"

"अरे, या तर खोल्या!" म्हणत सोडियम गणगोतासह आत शिरला.

बाईंनी कोळशाला दिवा जोडला. पाहुणे आणलेली वीज देत बाहेर निघाले आणि दिवा लख्ख पेटला. हजारदा पाहुणे आले नि गेले, हजारदा दिवा पेटला. बाईंनी आनंदाने टेबलावर थाप मारली.

ग्राफाइटने हळूच विचारलं, "एवढ्या खोल्या कुणी रे बांधून दिल्या?"

कोळशाने पहिल्यांदाच मान वर केली. "ज्या आगीवरून तू मला हसायचास, तिनंच."