मधुमुखाची जीभ

पूर्वी सुवेला नावाच्या बंदरनगरीत जयकेतू राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या दुभाष्यांच्या कुळात जन्मला. त्याचे नाव मेधंकर. सुवेलेचे राज्य मोठे होते असे म्हणण्यापेक्षा मोठे होऊन गेले होते, असे म्हणणे बरे. राजाच्या पणजोबांपुढे कितीतरी मांडलिक माना लववीत. आता त्यांची रिकामी आसने तेवढी दरबारात मांडली जात आणि संध्याकाळी सेवक ती झटकून उचलून ठेवीत. तोरा मात्र तसूभरही कमी झाला नव्हता.

या दरबाराची एक रीत होती. परका दूत आला की आधी दुभाष्याच्या जिभेवर सोन्याच्या चमच्याने मध ठेवायचा. म्हणून त्याला मधुमुख म्हणत. परका काहीही बोलो, मधुमुखाने राजाच्या कानी गोडच घालायचे. दूत "द्या" म्हणाला, की याने "कृपा व्हावी" म्हणायचे. दूत "देत नाही जा" म्हणाला, तर याने "ऐपत नाही, क्षमा असावी" म्हणायचे. कडू शब्द जसाच्या तसा आणणाऱ्याची जीभ छाटावी, असा पणजोबांचा दंडक होता. ज्यांच्यापुढे जग थरथरत होते त्यांना हे चोचले परवडले असतील. पुढच्यांच्या मात्र ते अंगाशी आले.

कारण समुद्रापलीकडून गलबतवाले आले. आधी त्यांनी मिरी वाळवायला किनारा मागितला. मागितला कसला, घेतो आहोत म्हणून सांगितले! मेधंकराच्या वडिलांनी त्याची विनवणी करून दाखवली आणि राजाने उदार होऊन किनारा दिला. मग किनाऱ्यावर कोठार आले, कोठाराला तट आला, तटावर आग फेकणारी यंत्रे चढली. बंदरात शिरणाऱ्या होड्यांची जकातही तेच घेऊ लागले. दर खेपेला राजाने "दान" दिले आणि दर खेपेला दरबाराने जयजयकार केला. मेधंकराचे वडील मरताना एवढेच म्हणाले, "पोरा, माझ्या जिभेला कशाची चवच राहिली नाही रे."

उत्तरेच्या डोंगरात गिरिगण राहत. एके काळी ते सुवेलेला मधाचा कर भरीत. तो त्यांनी केव्हाच बंद केला होता, पण दरबारात अजून "मध वाटेत आहे" असेच सांगितले जाई. गलबतवाल्यांनी त्यांचाही साग तोडला, त्यांची माणसे गोदीत वेठीला धरली. मात्र गिरिगणांनी वेठ करता करता डोळे उघडे ठेवले. गलबत कसे बांधतात, कुठे कच्चे राहते, ओहोटीला खाडीत कुठे रुतते, हे सगळे त्यांनी शिकून घेतले. त्यांची नायिका गिरिका हिने स्वतः त्या गोदीत फळ्या वाहिल्या होत्या.

आणि एके दिवशी गलबतवाल्यांचा दूत ओरमास आणि गिरिका, दोघेही एकदमच सुवेलेच्या दारी येऊन उभे राहिले. दोघांची भाषा जाणणारा मेधंकर एकटाच होता.

दरबार भरण्याआधी ओरमासने त्याला बाजूला घेतले आणि चक्क सुवेलेच्या भाषेत, अगदी स्वच्छ, म्हणाला, "दचकू नका. मला तुमची भाषा पहिल्यापासून येते. तुमचे वडील माझ्या धमक्यांच्या विनवण्या करायचे ना, तेव्हा मला हसू आवरायचं नाही."

 मेधंकर म्हणाला, "मग दुभाषी कशाला हवा तुम्हाला?"

"मला नको. तुमच्या राजाला हवा. आज मी खाडीचा किल्ला मागणार आहे आणि ओलीस म्हणून राजपुत्र. नाही म्हणाल तर उद्याच्या भरतीला नगर जाळणार. तुम्ही नेहमीसारखं गोड सांगा. किल्ला आमचा झाला की तुम्हीच त्याचे किल्लेदार व्हा. आणि खरं सांगितलंत, तर तुमचेच लोक तुमची जीभ छाटतील. मला हातही लावावा लागणार नाही."

 भीती मेधंकरालाही वाटत होती. बोधिसत्त्व झाला म्हणून जीभ काही लाकडाची नसते.

दरबार भरला. महामात्य पुष्कल सोन्याचा चमचा घेऊन पुढे आला. मेधंकराने ओठ घट्ट मिटून घेतले. पुष्कल हळूच पुटपुटला, "तोंड उघड." मेधंकराने मान हलवली. मधाचा थेंब ओघळून फरशीवर पडला.

ओरमास त्याच्या भाषेत बोलला. मेधंकर म्हणाला, "महाराज, हा किल्ला मागतो आहे. राजपुत्र ओलीस मागतो आहे. नाही म्हटलं तर उद्याच्या भरतीला नगर जाळीन म्हणतो आहे. यात मी माझा एकही शब्द घातलेला नाही."

दरबाऱ्यांच्या तोंडचे पाणी पळाले. खांबाआडून दंडधारी सुरी घेऊन पुढे सरकला. पुष्कल ओरडला, "छाटा त्याची जीभ!"

"छाटा," मेधंकर म्हणाला.  "पण आधी दुसरीचंही ऐकून घ्या. ते सांगायला दुसरा कोणी नाही."

राजाने दंडधाऱ्याला हाताने थोपवले. गिरिका उभ्या उभ्याच बोलली, मान न लववता. मेधंकर सांगू लागला, "ही म्हणते, तुझा कर आम्ही बंद केला आहे, तो पुन्हा सुरू होणार नाही. तुझ्यापुढे वाकायलाही आलेलो नाही. पण गलबतवाल्यांच्या वेठीला आम्हीही आहोत आणि त्यांची गलबतं कुठे रुततात ते आम्हाला ठाऊक आहे. खाडीत उतरायला वाट दे, आम्ही तुझ्या शेजारी उभं राहून लढू. मात्र शेजारीच. पायाशी नाही."

आता दरबारात खरी खळबळ उडाली. गंमत पाहा, नगर जाळण्याची धमकी ऐकून गप्प बसलेले लोक डोंगरातल्या बाईला शेजारचे आसन द्यायचे म्हटल्यावर चवताळून उठले! पुष्कल राजाच्या कानाशी लागला, "महाराज, किल्ला देऊन टाका. आपण 'बक्षीस दिला' म्हणू. राजपुत्र देशाटनाला गेले म्हणू. पण कालचे करदाते बरोबरीला बसले, तर राहिलं काय आपलं?"

राजाने मेधंकराला विचारले, "तुझ्या वडिलांच्या वेळीही हे गलबतवाले असंच बोलत होते?"

"हो, महाराज."

"आणि मी दान करत होतो?"

 मेधंकराला या म्हाताऱ्याची फार कीव आली. पण तो म्हणाला, "नाही, महाराज. तुम्ही हरत होता."

 राजा सिंहासनावरून उठला, पायऱ्या उतरला आणि मांडलिकांच्या रिकाम्या आसनांपैकी एकावर जाऊन बसला. शेजारचे आसन त्याने हाताने झटकले आणि गिरिकेकडे पाहिले. ती येऊन बसली. दंडधाऱ्याला तो म्हणाला, "सुरी ठेव. एवढा एकच माणूस आज माझ्याशी बोलला आहे."

मेधंकर पुढे होऊन म्हणाला, "महाराज, या दूताला आपली भाषा येते."

ओरमासचे हसू मावळले. राजाने आयुष्यात प्रथमच कोणाला मध्ये न घालता परक्याच्या डोळ्यांत पाहिले आणि म्हणाला, "नाही."

काही तरुण ओरमासवर तलवारी उपसून धावले. मेधंकर आडवा झाला. "दूत आहे तो. शब्द घेऊन आला होता, शब्द घेऊन जाऊ द्या." ओरमास जिवंत परत गेला.

दुसऱ्या दिवशी गलबते आली. किनाऱ्यालगतचे मोहल्ले जळाले आणि दोन्हीकडची पुष्कळ माणसे मेली. पण गिरिगणांनी खाडीच्या तोंडाशी सागाचे सोट रोवून वाट अरुंद केली होती, आणि ओहोटी लागताच गलबते चिखलात आडवी झाली. संध्याकाळपर्यंत गलबतवाल्यांच्या तटावरचे निशाण उतरले.

पकडलेले खलाशी किनाऱ्यावर बांधून बसवले होते. गिरिका त्यांच्यासमोर आली. तिचा भाऊ त्या दिवशी लढाईत पडला होता. तिच्या हातात कोयता होता आणि मागे तिची माणसे तिच्या नावाने गर्जत होती. तिने मेधंकराला बोलावले. "सांग त्यांना, उद्यापासून वेठ तुम्ही करायची. फळ्या तुम्ही वाहायच्या. आणि ते काय बडबडताहेत? दया मागताहेत का माझी? राणी म्हणताहेत का मला?"

मेधंकराने तिच्याकडे पाहिले. इथे कोणी मध देत नव्हते की सुरी दाखवत नव्हते, तरी त्याला दरबारातल्यापेक्षा जास्त भीती वाटली. गोड बोलले तर ती खूश होणार होती आणि कदाचित त्यांना सोडणारही होती. खरे सांगितले तर काय होईल ते सांगता येत नव्हते.

"नाही," तो म्हणाला. "तुझं नावही त्यांना ठाऊक नाही. ते पाणी मागताहेत. आणि तो कडेचा म्हणतो आहे, आम्हालाही आमच्या गावातून वेठीला धरूनच गलबतावर चढवलं होतं."

मागची गर्जना थांबली. गिरिकेची मूठ कोयत्यावर आवळली. मेधंकर डोळे मिटून उभा राहिला. त्याने डोळे उघडले तेव्हा ती खलाशांपुढे गुडघ्यांवर बसली होती आणि त्या कडेच्या माणसाचे दोर कापत होती. दोर कापता कापता ती रडत होती. मग तिने स्वतःच घागर आणवली.

जेतवन विहारात ही कथा सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध भगवंत, भिक्षूंना म्हणाले, "त्या वेळचा राजा जयकेतू म्हणजे आजचा माझा शिष्य आनंद. गिरिका म्हणजे आपली ज्येष्ठ भिक्षुणी उत्पलवर्णा थेरी. महामात्य पुष्कल आज तुमच्यातच बसला आहे. त्याने काल वडीलधाऱ्या स्थविरांना विहारात सगळं ठीक नसताना ठीक आहे म्हणून सांगितलं. त्याचं नाव मी घेत नाही, तो खाली पाहतोच आहे. आणि मेधंकर म्हणजे मी. राजापुढे खरं बोलणं कठीण होतं, भिक्षूंनो, पण जिंकलेल्यापुढे खरं बोलणं त्याहून कठीण होतं. त्या किनाऱ्यावर माझी सत्यपारमिता, सत्याची साधना, पुरी झाली."