तेच साठ रोगी

रक्तविकार विभागाचे प्रमुख डॉ. टिपणीस यांच्या नावावर दोनशे दहा शोधनिबंध होते आणि हा आकडा ते नमस्काराच्याही आधी सांगत. डॉ. सुमित्रा वळवी बढतीच्या मुलाखतीला आल्या, तेव्हा टिपणिसांनी त्यांचा अर्ज दोन बोटांनी उचलला.

"सहा वर्षांत एकच निबंध, बाई?"

"त्यासाठी अकराशे रोग्यांचं रक्त तपासलं, सर."

"माझे निबंध वाचलेत?"

"सगळे. सगळ्यांत रोगी तेच साठ आहेत."

समितीतले बाकीचे चहाच्या कपात बघू लागले.

"पण निष्कर्ष नवे असतात!" टिपणीस कडाडले. "ताज्या निबंधात त्या साठांचं रक्त कमी होत चाललंय. कारण सांगा, आत्ता बढती देतो."

"दोनशे दहा वेळा काढल्यावर कमी होणारच, सर."

समितीनं कारण एकमतानं ग्राह्य धरलं.