गोडझऱ्यावर गुरुजी शेवटी पाणी पितात

सह्याद्रीच्या मुख्य धारेवरील आंबेदरा या वाडीच्या वर, कुंडाईच्या खिंडीत, खडकाच्या कपारीतून बोटभर जाडीची धार बारमाही वाहते. तिला गोडझरा म्हणतात. पाणी चवीला इतर झऱ्यांसारखेच आहे. मी ते चार वेगवेगळ्या ऋतूंत पिऊन पाहिले आहे. खिंडीतून वर गेले की पठारावर वाट दुभंगते. एक फाटा गावदेवीच्या ठाण्याकडे जातो आणि दुसरा सरळ कड्यावर. त्या दुबेळक्यावर एक जुना हिरडा उभा आहे. त्याच्या बुंध्याची साल माणसाच्या कमरेच्या उंचीवर हातांनी घासून गुळगुळीत झाली आहे.

पावसाळा सरला की तालुक्यातील माध्यमिक शाळांच्या सहली या पठारावर वनस्पती आणि खडक अभ्यासायला येतात. त्यांना वर नेण्याचे काम बुधाजी लोहकरे हे वाडीतील वयोवृद्ध गृहस्थ करतात. मी प्रथम या झऱ्याची कथा ऐकली ती त्यांच्याच तोंडून, नववीच्या बेचाळीस मुलामुलींमध्ये बसून. बुधाजींनी प्रत्येकाच्या हातावर सुक्या हिरड्याचा एकेक तुकडा ठेवला आणि झाडाला हात लावून तो चघळायला सांगितले.

"बाबा, हे कडू आहे!" एक मुलगी तोंड वाकडे करून म्हणाली.

"कडू न्हाई बाय, तुरट. थुकू नको. वर धुकं आलं तर ह्योच तुझा मास्तर."

मुले हसली. त्यांचे शिक्षक देवकुळे सरही हसले. मग बुधाजी बुंध्याला टेकून बसले आणि सांगू लागले.

फार पूर्वी पायथ्याच्या गावात रुद्रभट नावाचे वैद्य होते, असे सांगतात. त्यांच्या घरी सात शिष्य राहत. सातही जणांना औषधींचे श्लोक मुखोद्गत होते. बरणीतले चूर्ण नुसत्या वासावरून ते ओळखत. मात्र त्यांतील एकही जण, अगदी खुद्द वैद्यबुवाही, डोंगर कधी चढले नव्हते. पाला, साल, मुळ्या खाली आणून देई ती आंबेदऱ्याची भागी. एका वैशाखात गावात तापाची साथ आली आणि नेमका त्याच आठवड्यात भागीच्या पायात काटा मोडून पाय सुजला. औषधे संपली. तेव्हा रुद्रभट शिष्यांना घेऊन स्वतः निघाले.

वर जे घडले ते वाडीत आजही मिश्किलपणे सांगितले जाते. सात जणांनी श्लोक म्हटले, पण झाड एकालाही ओळखता येईना. गुळवेल समजून त्यांनी भलतीच वेल ओढली म्हणे, आणि दुपारपर्यंत हात खाजवीत बसले. फक्त सर्वांत धाकटा शिष्य नारो दुबेळक्यावर थांबला. खाली पडलेले कोवळे फळ त्याने दातांखाली धरले आणि तो ओरडला, "गुरुजी, हा हिरडा! मी रोज कुटतो तो हाच! हा झाडाला लागतो!" गुरुजींनी त्याला उशीर करतोस म्हणून दटावले.

तिसऱ्या प्रहरी ढग पठारावर उतरले. रुद्रभट पुढे आणि शिष्य मागे, अशी रांग उतरू लागली. गुरूने पुढेच चालायचे आणि मागे वळून पाहायचे नाही, ही त्यांची रीत होती. झऱ्यापाशी येऊन त्यांनी ओंजळ भरली, मागे पाहिले, तर शिष्य सहाच होते.

हाका मारल्या, पण वाऱ्याने त्या परतवून लावल्या. कडा त्या वाटेपासून शंभर पावलांवर होता आणि धुक्यात पायाखालचेही दिसत नव्हते. रुद्रभटांनी ओंजळीतले पाणी सोडून दिले. नारो या झऱ्यावर येईपर्यंत पाण्याला शिवणार नाही, आणि यापुढे मुळावर उभे असलेले झाड दाखवल्याशिवाय कोणालाही त्याचे औषध शिकवणार नाही, असा नेम त्यांनी तिथेच केला.

हाकांचा आवाज ऐकून भागी काठी टेकीत, सुजला पाय ओढीत वर आली. तिने एकच प्रश्न विचारला, असे सांगतात.

"वैदबुवा, त्या पोराला ह्या डोंगरावरचं कोंचं झाड वळखू येतंय?"

 सातशे श्लोक शिकवणाऱ्या त्या माणसाला, ज्याला सकाळी दटावले होते त्याचेच शब्द आठवले.

"हिरडा," ते म्हणाले. "दुबेळक्यावरचा."

"मग त्यो तिथंच आसंल. चला, आन् आता तरी माझ्या मागनं चला."

नारो तिथेच होता. रांग सुटल्यावर तो कितीतरी वेळ भरकटला होता. पायाखाली बारीक फळे लागली तेव्हा तो खाली बसला, एक फळ चावले आणि चव पटताच हाताने चाचपत बुंधा गाठला. पुन्हा भटकू नये म्हणून त्याने उपरण्याने स्वतःला झाडाशी बांधून घेतले होते. तोंडात हिरडा होता आणि तो श्लोक म्हणत होता. रुद्रभट गाठ सोडू लागले म्हणे, पण धुक्याने ओली झालेली गाठ त्यांना सुटेना; शेवटी ती भागीनेच सोडली.

खाली झऱ्यावर आल्यावर नारोने पाणी पिऊन सांगितले, "गुरुजी, पाणी गोड आहे." भागीने वैद्यबुवांच्याही हातावर एक हिरडा ठेवला. ते सर्वांच्या नंतर प्यायले. त्यांनाही ते गोडच लागले.

पलीकडच्या वाडीत नारोला गावदेवीने सांभाळले असा पाठभेद आहे. मला आंबेदऱ्याचा पाठ अधिक जुना वाटतो, कारण त्यात चमत्काराची गरज पडलेली नाही. आपल्याकडील खिंडी आणि तळी बहुधा नरबळीच्या कथा सांगतात. इथे गेलेला मुलगा परत आला आणि बदलावे लागले ते गुरूला, एवढ्यावर कथा थांबते. हिरड्यानंतर पाणी गोड लागते हे वैद्यकाला ठाऊक आहे. झऱ्याचे नाव त्यातूनच पडले असावे.

त्या दिवशी उतरताना थोडे धुके आलेच. देवकुळे सर पाणी पिण्याच्या रांगेत सर्वांत मागे उभे होते. झऱ्यावर मुले एकेक करून पाणी पीत होती आणि "खरंच गोड आहे की!" म्हणून एकमेकांना ढकलत होती. सरांच्या हातात बाटली होती, तिचे झाकण बंद होते. एकेचाळीस झाले. तुरट हिरड्याची तक्रार करणारी ती मुलगी बुटाची नाडी बांधीत मागे राहिली होती. ती वळणावर दिसली तेव्हा बुधाजींनी मान हलवली, आणि तिने येऊन बेचाळिसावी ओंजळ भरली.

आजही आंबेदऱ्याला येणारी सहल कोणत्याही शाळेची असो, गोडझऱ्यावर गुरुजी शेवटी पाणी पितात. सरांनी ओंजळ भरली, आणि पिण्याआधी एकदा मागे वळून पाहिले. वाट मोकळी होती.