टिकलीआडचा दिवा

मोटारींना अजून किल्ली लागत असे, त्या काळची ही गोष्ट. इंग्लंडातल्या लीड्स गावी वसुधाताई करंदीकरांची एक जुनी निळी मोटार होती. एकदा तिच्या इंजिनातलं तेल कमी झालं आणि स्टिअरिंगमागचा लाल दिवा पेटला.

"मेला डोळ्यांत खुपतो नुसता!" म्हणत ताईंनी कपाळावरची टिकली काढून त्याच्यावर चिकटवली. गाडी तर झकास पळत होती.

टिकलीआडून दिवा इंजिनाला म्हणाला, "बाबा रे, मी आता त्यांना दिसत नाही. तू तरी खडखड कर. थोड्याशा तेलाचा तर प्रश्न आहे."

"आणि शेजारच्या गाडीसारखं भंगारात जाऊ?" इंजिन म्हणालं. "ती कुरकुरायला लागली आणि लगेच विकली तिला. मला ताई गुणी म्हणतात. चढ चढलो की शाबासकी देतात. तू गप्प बस."

घसा कोरडा पडला तरी इंजिन मुकाट्यानं पळत राहिलं. मग एका दुपारी, गावाबाहेरच्या चढावर, धुक्यात, ते एकदाच कण्हलं आणि कायमचं आखडलं.

ताईंनी पुन्हा पुन्हा किल्ली फिरवली. शेवटी स्टिअरिंगवर डोकं टेकून म्हणाल्या, "एवढं दुखत होतं, तर एकदा तरी सांगायचंस रे!"

डोकं वर केलं, तेव्हा समोर टिकली दिसली. त्यांनी ती नखानं हळूच सोलून काढली.

दिवा अजून पेटलेलाच होता.