पुढच्या वाटसरूचा माठ

खोटं कुणीतरी बोललं होतं, बरं का. कोण, ते अजून कुणी कबूल केलेलं नाही. पण राजाच्या नकाशात त्या मोठ्या, तापलेल्या माळावर लिहिलं होतं, 'इथे कुणी नाही.'

मग राजा म्हणाला, "कुणी नाही ना? मग शहराचा उकिरडा तिथेच टाका." नकाशे काढणाऱ्या हैबतीला त्याने हद्द आखायला तीन खुंट्या दिल्या. मागून उकिरड्याच्या शंभर गाड्या निघाल्या.

हैबती चालला, चालला. कुठे घर नाही, धूर नाही. जवळचं पाणी संपलं. मग त्याने पहिली खुंटी ठोकली, तर मातीत पुरलेला माठ लागला. गार पाणी! बेवारशी दिसतोय, असं म्हणत त्याने सगळं पिऊन टाकलं. दुसऱ्या खुंटीपाशी बोरीला फडक्यात भाकरी टांगलेली. तीही खाल्ली. तिसरी खुंटी ठोकताना मात्र त्याला ऊन लागलं आणि तो कोसळला.

मग काय झालं? दूरच्या बाभळीची सावली उठली, सरपटत आली आणि त्याच्या अंगावर पसरली. बाभूळ आपली जागच्या जागी.

उन्हं कलल्यावर तो जागा झाला. शेजारी एक म्हातारी धनगरीण बसली होती.

"आजी, इथे तर कुणी राहत नाही ना?"

"दुपारी कोण बाहेर पडतंय, लेकरा? आम्ही भुयारात निजतो. माठ तू रिकामा केलास ना?"

"हो. कुणाचा होता?"

"तुझ्यामागून येईल त्याचा. पिणाऱ्याने भरून ठेवायचा असतो. टेकडीमागे विहीर आहे."

हैबतीची मान खाली गेली. कुणी अनोळखी माणूस त्याच्यासाठी पाणी ठेवून गेला होता, आणि तो तिथेच घाण टाकायला निघाला होता. मग त्याने माठ काठोकाठ भरला. खुंट्या उपटल्या. गाड्या वाटेतच परत फिरवल्या.

राजाने दरडावलं, "किती माणसं दिसली?"

"एकच, महाराज. पण जगवलं मला तिघांनी. पाण्याने, भाकरीने आणि सावलीने."

राजाने नकाशातली ओळ स्वतःच्या हाताने खोडली. त्या जागी हैबतीने एक माठ काढला, आणि बोट लावलं तर कागद गार लागला, बरं का.

माळ सुखात राहिला, हैबतीही. दर उन्हाळ्यात तो भाकरी टांगायला जायचा.

आणि त्या रात्री शहराच्या दारात त्या शंभर गाड्या तशाच भरलेल्या उभ्या होत्या. पहिला गाडीवान जांभई देत म्हणाला, "म्हणजे आपला उकिरडा आता आपणच निस्तरायचा. बरं, सकाळी लागू कामाला. झोपा आता."