खाणीतले मासे

“आणि सह्यांच्या यादीत माझं नाव पहिलं का नको, बाबा?”

“पहिलंच असू दे. मी नको कुठं म्हटलं? मी एवढंच विचारलं, शेवटचं कुणाचं आहे.”

श्रीरंग सरांनी कागद उलटून पाहिला. “शेवटचं पोलीस पाटलांचं.”

“त्यांच्यानंतर?”

“त्यांच्यानंतर कोणी उरलंच नाही. सहाच्या सहा गावं झाली.”

गुलाबशा बाबा तळ्याच्या बांधावरच्या आपल्या तकियात, म्हणजे फकिराच्या मठीत, ओट्यावर बसले होते. म्हातारा फकीर, एक घोंगडी, एक लोटा. समोर तळं, तळ्यात उंच लाल पायांचे शेकाटे. पक्ष्यांसाठी सरकारनं राखून ठेवलेलं हे तळं, आणि त्याच्या उशाला दगडाची खाण. ती खाण आता पाच एकरांची बावीस एकर व्हायची होती, म्हणजे थेट पाण्याच्या काठापर्यंत यायची होती. शनिवारी शाळेच्या पटांगणात जनसुनावणी होती. अधिकारी लोकांचं म्हणणं ऐकून घेणार होते.

विरोधाची सगळी उठाठेव श्रीरंग सरांची. तीन महिने त्यांनी मोटारसायकल दामटून सह्या गोळा केल्या. विज्ञानाचे मास्तर, वाणी गोड, अभ्यास दांडगा. दोष एकच होता आणि तो त्यांच्यावर माया असूनही सांगायला हवा. तळ्याबद्दल आपल्याला जे ठाऊक नाही ते कुणालाच ठाऊक नाही, असं त्यांना मनापासून वाटत असे.

सगळा गाव त्यांना सर म्हणायचा. एकटे बाबा रंगा म्हणायचे. सात वर्षांचा रंगा या तळ्यात बुडत असताना बाबांनी त्याला केसांना धरून बाहेर ओढला होता. आता धरायला केस फारसे उरले नव्हते, पण बाबांची पकड काही सुटली नव्हती.

“आणि खाणीवरची वस्ती?” बाबांनी विचारलं.

“ती खाणीची माणसं, बाबा. त्यांचं पोटच त्यावर. ती आपल्या विरोधात.”

“विचारलंस?”

“...त्यात विचारायचं काय?”

बाबा काठी घेऊन उठले. “गुरुवार आहे आज. माझी भाकरी तिकडं असते. तूही चल.”

खाणीच्या कडेला पत्र्याच्या बारा-पंधरा खोपटांवर पांढरी भुकटी बसली होती. नागम्मा धोत्रे दारात बसून घणाचा दांडा ठोकून घट्ट करत होती. साठीची बाई, पण मनगट अजून भक्कम. बाबांना पाहून ती उठली, आणि सरांना पाहून तिनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.

तिनं दोघांपुढे भाकरी ठेवली, कांदा ठेवला, आणि तव्यावर परतलेले बोटभर लांबीचे चार मासे ठेवले.

सरांनी एक मासा उचलून निरखला. त्यांची भुवई वर गेली.

“नागम्मा, हा तळ्यातला मासा आहे. राखीव तळ्यात मासे धरायला बंदी आहे, माहीत आहे ना?”

“तळ्यात कोण जातंय, सर? खाणीतला हाय.”

“खाणीत मासे कुठून येणार?”

“आता त्ये मला काय ठावं? दिवाळीआधी मोठा सुरुंग उडाला न्हाई का, तवापासनं येत्यात. तळ्याच्या अंगाच्या भिंतीला चीर पडलीया. हात जाईल एवढी. त्यातनं पाणी येतंय आन् पाण्यासंगं ह्ये. दिसरात पंप लावलाय, तरी हटत न्हाई.”

सरांच्या हातातला घास हातातच राहिला...

तळं यंदा कार्तिकातच चार हात मागे हटलं होतं. सरांनी गावोगावच्या भाषणांत त्याचं खापर कमी पावसावर फोडलं होतं. आणि खाणीच्या मालकानं सरकारला लिहून दिलं होतं की, तळ्याच्या पाण्याचा खाणीशी काडीचाही संबंध नाही.

“नागम्मा,” सर पुढे सरकले, “हे तुम्ही शनिवारी सांगाल? एवढंच सांगा. बाकी मी बघतो.”

“ह्यो पत्रा मालकाच्या जागेत हाय, सर. सकाळी बोलले, तर सांच्याला ह्यो कुठं नेऊन टाकू, त्ये सांगा.”

सरांनी हातातला घास परत भाकरीवर ठेवला.

“तीन म्हैने तुमची फटफटी ह्याच रस्त्यानं जातीया. एकदा म्या हात बी केला. वाटलं, थांबाल.”

बाबा मन लावून भाकरी खात होते. त्यांनी एक मासा संपवला, दुसरा घेतला.

निघताना नागम्मा भांडी उचलत, कुणाकडे न बघता म्हणाली, “सकाळी सातला पंपवाला च्याला जातो. अर्धा तास कुणी नसतंय. म्या काय बोलले न्हाई.”

परतीच्या वाटेवर सरांचा पारा चढला. “एक बाई तोंड उघडत नाही म्हणून अख्खं तळं जायचं. इतकं भित्रं असावं माणसानं?”

“भित्री आहे ती?”

“नाही तर काय?”

“...हं.”

बाबांनी एवढंच म्हटलं आणि वाटेतली बाभळीची फांदी काठीनं बाजूला सारली.

शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास श्रीरंग सर तकियात आले, ते खांद्यापर्यंत चिखलानं माखून. पँट गुडघ्यावर फाटली होती. एक चप्पल गायब होती.

“उतरलास?” बाबा म्हणाले.

“उतरलो. निसरडं फार. घसरलोच होतो, तर मागून कुणीतरी शर्टाची कॉलर धरली. बघतो तर नागम्मा. मला वर ओढलं, चीर दाखवली, आणि एक शब्द न बोलता निघून गेली.”

“मग?”

“हात घातला, बाबा. पार खांद्यापर्यंत. पलीकडून पाणी येतंय, थंडगार. बोटांना शेवाळ लागलं. तळ्याचंच ते. लहानपणी माझ्या नाकातोंडात गेलेलं, मी ओळखणार नाही? तळं तिथून वाहून चाललंय. आणि मी इकडे पावसाला बोल लावत बसलो.”

बाबांनी लोट्यातलं पाणी त्यांच्या हातावर ओतायला सुरुवात केली. चिखल ओघळत राहिला.

“मग उद्या सांग. आता तू स्वतः पाहिलंस. तिची गरज काय?”

“सांगणार आहे. तिचं नावसुद्धा घेणार नाही. पण पहिला प्रश्न हाच येईल, तुम्ही खाणीत शिरलात कसे? दारावर पाटी आहे, आत येण्यास मनाई. मालक फिर्याद करणार. मी सरकारी नोकर. दुसऱ्या दिवशी निलंबनाचा कागद हातात. हेडमास्तरांनी कालच बोलावून सांगितलं, जपून राहा म्हणून. मुलीचं बारावीचं वर्ष. घरी अजून बोललो नाही. काल रात्री दोनदा तोंड उघडलं, आणि दोन्ही वेळा चहाच मागितला...”

तळ्यावर शेकाटे चिखलात चोची खुपसत होते.

“हात कापतोय तुझा,” बाबा म्हणाले. “पाणी गार आहे.”

“पाण्यानं नाही, बाबा... भीती वाटते.”

चाळीस वर्षांत हे वाक्य बाबांनी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

“मग? नाही सांगणार?”

“सांगणार. सांगणारच. पण भीती वाटते.”

बाबांनी लोटा खाली ठेवला. आपल्या घोंगडीच्या टोकानं त्यांनी सरांचा हात पुसला, एकेक बोट करून. मग त्यांच्या टकलावर तळहात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असा आनंद होता की सर गोंधळून बघतच राहिले.

“उद्या बोलाल का, हे आता नागम्माला विचार, रंगा. भीती काय असते ते कळलं तुला.”